घर मालकाचे, चीजवस्तू कुणाच्या? गृहविम्यातील ‘निवडीच्या स्वातंत्र्या’चा पंचनामा

विमाक्षेत्राचे दरवाजे खाजगी आणि परदेशी भांडवलाला उघडून देण्याचे समर्थन करताना उदारीकरणाचे पुरस्कर्ते गेली पंचवीस वर्षे एकच युक्तिवाद अखंडपणे करीत आले आहेत. राष्ट्रीयीकरणाच्या काळात, ते म्हणतात, विमेदाराला पदरी पडेल ती पॉलिसी पवित्र करून घ्यावी लागत असे. आता तो राजा झाला आहे. हप्ता जड वाटला किंवा सेवा पसंत पडली नाही, तर त्याने खुशाल कंपनी बदलावी. कंपन्यांची आपसांतली स्पर्धाच त्याचे हित पाहील, सरकारने त्यात लुडबूड करण्याचे कारण नाही.

हा युक्तिवाद आकर्षक आहे, म्हणूनच त्याची कसोटी एखाद्या सोप्या आणि घरगुती ठिकाणी घेतलेली बरी. पीकविमा आणि आरोग्यविमा यांबद्दल कामगार-किसान चळवळीने बरेच बोलून ठेवले आहे. परंतु राहत्या घरातील चीजवस्तूंचा विमा, म्हणजे कपाट, भांडी, शिवणयंत्र, पंखा, शीतकपाट, मुलांची पुस्तके आणि अंथरुण-पांघरुण यांचा विमा, हा विषय चळवळीच्या व्यासपीठावर क्वचितच आला. तो मध्यमवर्गीयांचा किरकोळ प्रश्न मानला गेला. वास्तविक ‘निवडीच्या स्वातंत्र्या’चे खरे स्वरूप जितके या किरकोळ मानल्या गेलेल्या प्रश्नात उघडे पडते, तितके ते अन्यत्र पडत नाही.

पाच हजारांचा संसार

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदरा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या वस्त्याही या शहरात आहेत. या सर्व ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. पक्क्या बांधकामाच्या बहुतेक भिंती पाणी ओसरल्यावर उभ्याच राहिल्या. नाश झाला तो भिंतींच्या आतल्या संसाराचा. चिखलाने भरलेल्या गाद्या, फुगून फुटलेली लाकडी कपाटे आणि गंजलेली यंत्रे यांचे ढीग रस्त्यावर आले आणि नगरपालिकेच्या गाड्यांनी ते कचरा म्हणून उचलून नेले.

या संसाराची शासनाच्या लेखी किंमत काय? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्र सरकार ठरविते. २०२२ ते २०२६ या कालखंडासाठी ठरलेल्या निकषांत मैदानी प्रदेशातील पूर्ण पडलेल्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये धरले गेले. आणि घरातील वस्तूंसाठी? कपड्यांबद्दल कुटुंबामागे २५०० रुपये, भांडी व घरगुती सामान यांबद्दल २५०० रुपये. एकूण पाच हजार. तेही घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेले असेल तर. दीड दिवसात ओसरलेले पाणी म्हणजे जणू गादीला आणि शिधासामग्रीला ते लागलेच नाही! राज्य सरकारे कधी कधी, विशेषतः लोकांचा क्षोभ वाढला म्हणजे, या रकमेत आपल्या तिजोरीतून भर घालतात किंवा अटी शिथिल करतात. पण निकष तो निकषच. एका श्रमिक कुटुंबाने वीस वर्षांच्या मजुरीतून जमविलेल्या वस्तूंचे मोल पाच हजार रुपये, हा भारतीय राज्यसंस्थेचा अधिकृत हिशेब आहे.

आता येथे बाजाराचा पुरस्कर्ता पुढे येतो आणि म्हणतो, शासनाकडे हात पसरता कशाला? विमा घ्या. आहे तो अपुरा असेल तर वाढवा. महाग असेल तर बदला.

भिंतीच्या मागोमाग चालणारे संरक्षण

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली आणि आगीचा विमा करणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती विकणे बंधनकारक केले. तिच्या अटी सर्व कंपन्यांच्या बाबतीत सारख्या. हप्ता मात्र प्रत्येक कंपनीने आपापला ठरवावयाचा. आग, स्फोट, वीज, भूकंप, भूस्खलन, वादळ, पूर, पाण्याच्या टाक्या फुटणे, दंगल अशा अनेक संकटांपासून तीत संरक्षण आहे. (विम्याच्या भाषेत दंगल आणि संप यांचा उच्चार एकाच दमात होतो. कामगारांचा संप हा पूर आणि भूकंप यांच्या पंक्तीत बसविण्याची ही वसाहतकालीन प्रथा आजही कुणाला खटकत नाही.)

या पॉलिसीत विमेदाराच्या हिताची एक मोठी सुधारणा झालेली आहे, आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जुन्या अग्निविमा करारात ‘सरासरीचे कलम’ असे. चार लाखांच्या वस्तूंचा विमा दोन लाखांचाच उतरवलेला असला आणि एक लाखाचे नुकसान झाले, तर कंपनी म्हणे, तुम्ही निम्माच विमा उतरवलात, तेव्हा निम्मीच भरपाई घ्या, पन्नास हजार. हे कलम नव्या पॉलिसीत लागू नाही. एक लाखाचे नुकसान झाले तर विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण एक लाख मिळावयास हवेत. शिवाय सामान्य चीजवस्तूंची भरपाई जुन्या वस्तूची घसारा वजा केलेली किंमत म्हणून नव्हे, तर तशीच वस्तू नव्याने घेण्याच्या खर्चावर आधारलेली आहे.

परंतु ही सुधारणा पोहोचते कुणापर्यंत? पॉलिसीच्या रचनेत एक साधेसे वाक्य आहे. इमारतीचा विमा उतरवला म्हणजे घरातील सामान्य चीजवस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांइतके, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. त्याहून अधिक हवे असल्यास तपशील देऊन ते वाढवून घ्यावे. ‘आपोआप’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. समजा, डोंबिवलीतील एका चाळीवजा इमारतीत दोन कुटुंबे शेजारी राहतात. एक खोलीचे मालक आहे, त्याने बांधकामाचा २० लाखांचा विमा उतरवला; त्याच्या पंखा-कपाटांना चार लाखांचे संरक्षण न मागता मिळाले. दुसरे कुटुंब भाड्याने राहते. त्याची कपाटे तीच आणि भांडीही तीच, कदाचित शिवणयंत्र अधिक. परंतु त्याच्या नावावर भिंत नाही, म्हणून आपोआप मिळणारे संरक्षण शून्य. मालकाने उतरवलेल्या विम्यात भाडेकरूच्या वस्तू येत नाहीत, कारण करार विमेदाराच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या मालकीच्या वस्तूंपुरताच असतो. भाडेकरूला केवळ चीजवस्तूंचा विमा उतरवता येतो, तशी मुभा पॉलिसीत स्पष्टपणे आहे. पण ती मुभा आहे हे त्याने आधी ऐकले पाहिजे, मग वस्तूंची किंमत स्वतः सांगितली पाहिजे, आणि पुढेही दरवर्षी ती स्वतःच अद्ययावत केली पाहिजे. इमारतीच्या विमा रकमेत दरसाल १० टक्क्यांची आपोआप वाढ धरलेली आहे. म्हणजे भिंतीचे मोल वाढते ते स्वतःहून, आणि भाडेकरूच्या भांड्याकुंड्यांचे मोल वाढायचे ते त्याला आठवण झाली तर!

या एका वाक्यात संपूर्ण संपत्तिव्यवस्थेचे प्रतिबिंब उमटलेले आहे. संरक्षण माणसाच्या मागोमाग जात नाही, ते मालमत्तेच्या मागोमाग जाते. १८७२ साली ‘गृहप्रश्ना’वर लिहिताना एंगल्सने कामगाराला छोट्याशा घराचा मालक करून गृहप्रश्न सुटेल ही कल्पना खोडून काढली होती. आज दीडशे वर्षांनंतर विम्याचा करार कामगाराला तीच अट वेगळ्या शब्दांत घालतो. आधी मालक हो, मग तुझे गाठोडे सुरक्षित राहील!

याहून एक पायरी खाली जावे. घरबसल्या शिवणकाम करणारी किंवा पापड लाटणारी स्त्री ज्या खोलीत राहते, तीच तिची कार्यशाळा असते. गृहविमा हा मुळात निवासी वापरासाठी. व्यापाऱ्याने दिलेले कापड, तयार होऊन पडलेला माल आणि यंत्र यांचे काय होईल, हा प्रश्न उभा राहतो तो नुकसान झाल्यानंतर, पाहणीस आलेल्या सर्वेक्षकापुढे. आणि तिची खरी बचत, गळ्यातले व कानातले चार-सहा ग्रॅम सोने, ही करारात ‘मौल्यवान चीजवस्तू’ या वेगळ्या सदरात जाते. ती वेगळी जाहीर करून आणि तिचे मूल्य आधी मान्य करून घेतल्याशिवाय संरक्षणात येत नाही. रोख रक्कम तर मुळीच येत नाही. श्रीमंताची बचत बँकेत आणि रोख्यांत असते, पुरात ती बुडत नाही. गरिबाची बचत डब्यात असते.

राष्ट्रीयीकरणाचा वारसा आणि त्यातील उणीव

मे १९७१ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले आणि १९७२ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९७३ पासून या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ विमा व्यावसायिकांचे नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत एकत्रीकरण करण्यात आले. यामागे विमा कर्मचाऱ्यांच्या संघटित लढ्याचा मोठा वाटा होता. जमा होणारा निधी राष्ट्राच्या विकासासाठी वापरला जावा आणि विमा खेड्यापाड्यांत पोहोचावा, हे त्यामागील उद्दिष्ट होते.

ते उद्दिष्ट गृहविम्याच्या बाबतीत कितपत साध्य झाले? येथे आत्मपरीक्षण टाळता कामा नये. राष्ट्रीयीकृत कंपन्यांनी कारखान्यांची, गोदामांची आणि जहाजांची जोखीम घेतली. पण चाळीतल्या खोलीकडे त्यांची पावले वळली नाहीत. सरासरीचे जाचक कलम त्यांच्याच काळात बिनदिक्कत चालू राहिले. करारपत्र बहुधा इंग्रजीत असे आणि आजही असते. ‘कंटेंट्स’ म्हणजे घरातील चीजवस्तू हे समजण्यासाठी विमेदाराला शेजारच्या पदवीधराचा दरवाजा ठोठवावा लागे. खाजगीकरणवाल्यांनी याच उणिवांवर बोट ठेवले आणि त्यावर आपली इमारत उभी केली. उणिवा खऱ्या होत्या. त्यांनी सुचवलेला उपाय खोटा होता.

एक उदाहरण मात्र विसरता येणार नाही, आणि ते विसरले गेले हीच खेदाची गोष्ट आहे. १९८८ साली ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांसाठी झोपडी विमा योजना सुरू झाली. आगीत झोपडी जळाली तर झोपडीबद्दल १००० रुपये आणि आतील चीजवस्तूंबद्दल ५०० रुपये. विम्याचा भार केंद्र सरकारवर. रक्कम तुटपुंजी होती, संरक्षण केवळ आगीपुरते होते. परंतु तत्त्व महत्त्वाचे होते. झोपडीवासीयाकडे मालकीचा दाखला आहे की नाही यापेक्षा त्याचा संसार जळाला आहे ही गोष्ट त्या योजनेने मोलाची मानली, आणि भिंतीहून वेगळी अशी चीजवस्तूंची किंमत सार्वजनिक निधीतून देता येते हे दाखवून दिले. जे १९८८ साली शक्य होते ते आज अशक्य का असावे?

त्यानंतरचा इतिहास उतरणीचा आहे. १९९३ ची मल्होत्रा समिती. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलाला प्रवेश आणि परदेशी भांडवलाला २६ टक्क्यांची मर्यादा. २०१५ मध्ये ४९ टक्के. २०२१ मध्ये ७४ टक्के. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १०० टक्क्यांना दिलेली मंजुरी. दरम्यान सार्वजनिक कंपन्यांपैकी तिघींचे विलीनीकरण करण्याची घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली आणि २०२० मध्ये ती गुंडाळून ठेवण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये १९७२ च्या कायद्यात दुरुस्ती करून या कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा असावा ही अटच काढून टाकण्यात आली. आणि इतके सगळे करूनही भारतातील सर्वसाधारण विम्याचा व्याप राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपासच रेंगाळला. दोन तपांच्या स्पर्धेने चाळीतल्या खोलीचा दरवाजा ठोठावला नाही. स्पर्धा गेली जेथे हप्त्याची रक्कम मोठी होती तेथे: १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे ठरीव दर उठवले गेल्यावर बड्या उद्योगांना सवलतींची खैरात करण्यासाठी कंपन्यांत चढाओढ लागली. कारखानदाराने कंपनी बदलण्याची धमकी दिली की दर खाली येतो. भाडेकरूने दिली तर? त्याच्या काहीशे रुपयांच्या हप्त्यासाठी कोण धावत येणार?

बदलण्याच्या स्वातंत्र्याची माहेरभूमी

पॉलिसी बदलण्याचे स्वातंत्र्य हा ज्यांच्या अर्थशास्त्राचा अभिमानाचा विषय, त्या ब्रिटनमधील अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे घरातील चीजवस्तूंचा विमा सर्वसामान्य कुटुंबांतही रूढ आहे आणि दरवर्षी कंपन्यांचे दर ताडून पाहून पॉलिसी बदलणे हे गृहस्थाचे कर्तव्यच मानले जाते. तेथील वित्तीय नियामकाने गृह आणि मोटार विम्याच्या बाजाराची चौकशी केली, तेव्हा २०१९ च्या अंतरिम अहवालात असे आढळले की सुमारे ६० लाख विमेदार चढ्या दराने हप्ते भरत होते. त्यांच्या जोखमीला अनुरूप असा सरासरी दर त्यांना लावला असता तर २०१८ या एका वर्षात त्यांचे १.२ अब्ज पौंड वाचले असते. पद्धत सोपी होती. नव्या गिऱ्हाइकाला स्वस्त दराचे आमिष दाखवावयाचे आणि जो बदलत नाही, त्याचा हप्ता वर्षामागून वर्षे चढवत न्यावयाचा. जो वृद्ध आहे, आजारी आहे किंवा कामाच्या रगाड्यात कागद चाळू शकत नाही, त्याच्या निष्ठेचा हा दंड. अखेर १ जानेवारी २०२२ पासून जुन्या गिऱ्हाइकाला नव्याहून अधिक दर सांगण्यास कायदेशीर बंदी घालावी लागली. बदलण्याचे स्वातंत्र्य जिथे सर्वांत परिपक्व झाले होते, तिथेच त्याच्या परिणामांपासून लोकांना वाचवण्यासाठी नियंत्रण आणावे लागले. आपल्याकडील उदारीकरणवादी ब्रिटनचे दाखले उठल्यासुटल्या देतात. हा दाखला त्यांच्या लेखणीतून अद्याप उतरलेला नाही.

भारतात हे स्वातंत्र्य अधिकच पोकळ आहे, कारण गृहविमा येथे बहुतांशी निवडून घेतलाच जात नाही. तो गृहकर्जाबरोबर गळ्यात बांधला जातो. बँकेच्या टेबलावर सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद विम्याचाही असतो. कंपनी बँकेने ठरवलेली, मुदत दहा-दहा वर्षांची, हप्ता कर्जातच मिळवलेला आणि त्यावर व्याज चालू. भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. विशिष्ट कंपनीचाच विमा घ्यावा अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हे कर्जदाराला कोण सांगणार? १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरील दलालीची वेगवेगळी कमाल मर्यादा काढून, कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेत दलाली ठरवण्याची मोकळीक देण्यात आली आहे. तेव्हा बँकेचा अधिकारी विम्याच्या कागदाबद्दल इतका उत्साही का असतो, याचे कोडे फार अवघड नाही. या पॉलिसीत बँकेला काळजी असते ती भिंतींची, कारण तारण भिंती आहेत. आतील संसार कर्जदाराचा. त्याचा विमा किती, हे बहुतेक कर्जदारांना ठाऊकही नसते.

त्यातच कर. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. कामगार संघटनांची ती जुनी मागणी होती आणि तो विजय आहे. परंतु गृहविम्यावरील १८ टक्के कर कायम राहिला. ज्या कुटुंबाच्या चीजवस्तूंचे मोल शासन स्वतः पाच हजार मानते, त्या कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने संरक्षण घ्यावयाचे म्हटले, तर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे अठरा रुपये शासनाच्याच तिजोरीत भरावे लागतात.

‘हा आपला प्रश्न नव्हे’ म्हणणाऱ्या साथींना

चळवळीतील काही साथी या सगळ्यावर एवढेच म्हणतील, की विमा हा भांडवलशाही समाजातील मलमपट्टीचा प्रकार आहे, त्यात गुंतून काय करावयाचे? ही भूमिका डावी वाटते, पण ती अभ्यासावर आधारलेली नाही. १८७५ साली गोथा कार्यक्रमाची चिकित्सा करताना मार्क्सने सांगितले होते, की समाजाच्या एकूण उत्पादनाची वाटणी होण्यापूर्वी त्यातून अपघात आणि नैसर्गिक आपत्ती यांसाठी राखीव अथवा विमा निधी वजा करावा लागेल. म्हणजे विम्याची गरज भांडवलशाहीबरोबर संपत नाही. बदलतो तो निधी जमा करण्याचा आणि वाटण्याचा मार्ग. आणि घरातील वस्तू म्हणजे उपभोगाचा चंगळवाद नव्हे. ती साठवलेली मजुरी आहे, तिच्यात घरातील स्त्रीचे बिनमोल श्रमही साठलेले आहेत. पुरानंतर ती मजुरी दुसऱ्यांदा मिळवावी लागते, बहुधा सावकाराच्या व्याजाने.

तेव्हा लढा दोन पातळ्यांवर आहे, आणि एकीसाठी दुसरी थांबवून चालणार नाही. ज्यांच्याकडे आज पॉलिसी आहे अशा शिक्षक, बँक कर्मचारी, एसटी कामगार, निवृत्तिवेतनधारक अशा हजारो सभासदांनी आणि हितचिंतकांनी ती बाहेर काढून वाचली पाहिजे. इमारतीची रक्कम किती, चीजवस्तूंची किती, दागिने जाहीर केले आहेत की नाहीत, कर्ज फिटले असेल तर बँकेचे नाव अद्याप तसेच आहे का? गेल्या पाच-सात वर्षांत घेतलेली यंत्रे आणि फर्निचर जुन्या रकमेत मावतात का? बदलावयाचे ठरवले तर निव्वळ हप्ता पाहून बदलू नये. ‘भारत गृह रक्षा’त नुसती घरफोडी येत नाही, आग-पुरासारख्या संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच तेवढी येते. जुन्या गृहस्थ पॉलिसीत घरफोडीचे किंवा यंत्र बिघडण्याचे स्वतंत्र कलम असेल, तर स्वस्ताईच्या मोहात ते हातचे जाते आणि कळते ते कुलूप फुटल्यावर. नवी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख हातात पडल्याशिवाय जुनी सोडू नये. जूनमधील एका आठवड्याचे अंतरही पुरे होते. जून २०२४ च्या परिपत्रकानुसार विमेदाराला कारण न देता पॉलिसी केव्हाही रद्द करून उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मागता येतो. एका वर्षापर्यंतच्या पॉलिसीत त्यासाठी दावा झालेला नसावा एवढीच अट. त्याच परिपत्रकानुसार केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा नाकारता येत नाही. तरीही वस्तूंची छायाचित्रे आणि पावत्या घराबाहेर, गावातल्या नातलगाकडे किंवा संघटनेच्या कार्यालयात, एका प्रतीत असाव्यात हे बरे. दावा नाकारला गेला किंवा एका महिन्यात उत्तर आले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई तो मंजूर करू शकतो आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमा कर्मचारी संघटनांतील साथींनी एका रविवारी वस्तीत बसून शेजाऱ्यांच्या पॉलिसी वाचून दाखवल्या, तर दहा पत्रकांचे काम होईल.

दुसरी पातळी मागण्यांची आहे. गृहविम्यावरील १८ टक्के कर रद्द करावा. भाडेकरू, झोपडीवासी आणि घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या चीजवस्तूंना, मालकीचा दाखला न मागता, किमान ठरावीक रकमेचे संरक्षण सार्वजनिक विमा कंपन्यांमार्फत द्यावे आणि १९८८ च्या योजनेप्रमाणे त्याचा भार केंद्राने उचलावा. त्यांत कामाची हत्यारे व यंत्रे यांचा स्पष्ट समावेश असावा. करारपत्र विमेदाराच्या भाषेत द्यावे. सार्वजनिक कंपन्यांतील सरकारी हिश्श्याची अट कायद्यात पुन्हा घालावी. कारण ज्या कंपनीचा मालक नफा मोजतो, ती काहीशे रुपयांच्या हप्त्याच्या दारात जाणार नाही हे दोन तपांत सिद्ध झाले आहे. आणि आपत्तीच्या निकषांतील ‘कपडे २५००, भांडी २५००’ या ओळी, दोन दिवसांच्या अटीसह, रद्द करून तेथे घरातील प्रत्यक्ष नुकसानीचा पंचनामा यावा. तो करताना तलाठ्याने भिंतीची भेग मोजण्याआधी घरातील बाईला विचारावे, काय काय गेले.